बोरकुटेंची रेफरी पिशवी

आमच्या वीज केंद्राच्या कोळसा प्रयोगशाळेतले तुळशीराम बोरकुटे कोणतीही वस्तू घेतली की तीन घेतात. कंगवे तीन, छत्र्या तीन, एकाच नंबरचे चष्मे तीन. रविवारच्या बाजारात भोपळा घ्यायचा झाला तरी तीन भोपळे उचलतात, आणि एकटा जीव, त्यातले दोन शेजाऱ्यांच्या दारात ठेवून येतात. ऊर्जानगरात असा एकही क्वार्टर नसेल जिथं बोरकुटेंचा भोपळा शिजला नाही. का म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं. "एक आपला, एक समोरच्याचा, एक रेफरी."

हे कळायचं तर आमचं काम थोडं सांगावं लागेल. खाणीतून रेल्वेनं कोळसा येतो. प्रत्येक गाडीचा नमुना काढायचा, फोडायचा, ढीग करून त्याचे भाग पाडायचे, दळायचा, असं करत शेवटी थोडी भुकटी उरते. तिच्या तीन पिशव्या होतात. एक आमच्या लॅबला, एक खाणवाल्यांना, आणि तिसरी सील करून कपाटात. ही तिसरी म्हणजे रेफरी. दोन्ही पार्ट्यांत वाद झाला तरच ती फोडायची, आणि तीही दोघांसमोर. पिशवीला टॅग असतो. टॅगवर तारीख, वेळ, दोन्हीकडच्या सह्या. ज्याला सही येत नाही त्याचा अंगठा. त्यासाठी बोरकुटेंच्या खिशात शाईचं पॅड कायम असतं, लग्नाला गेले तरी असतं. पंचवीस वर्षं हे काम केलं की माणूस बिघडतो. मीही त्याच लॅबमध्ये तेवढीच वर्षं काढली आहेत, पण मी बिघडलो नाही असं बायको सोडून सगळे म्हणतात.

बोरकुटेंच्या बिघाडाचं खरं स्वरूप मात्र त्यांच्या क्वार्टरमध्ये गेल्यावर कळतं. पुढच्या खोलीत पलंग नाही, टीव्ही नाही, एक लोखंडी कपाट आहे. त्यात नमुन्याच्या जाड प्लॅस्टिक पिशव्यांत, टॅग लावून, रांगेनं ठेवलेली चित्रांची पुस्तकं आहेत. सगळी एकाच नायकाची. नाव लोहपंख.

आज पन्नाशीत असलेल्या आमच्या भागातल्या माणसाला लोहपंख कोण हे सांगावं लागत नाही. दिवसा रेल्वेचा सांधेवाला, आणि कुणी हाक मारली की पाठीतून पोलादी पंख फुटून उडणारा. पुस्तकं हिंदीत निघायची, पण त्या वयात हिंदी काय नि मराठी काय, आम्ही चित्रं वाचायचो. सातव्या अंकात त्याचा डावा पंख तुटला. तिथून पुढं तो कायम एका अंगाला कलून उडाला. आमच्या शाळेतली अर्धी पोरं तेव्हा कलून पळायची आणि कुंपणावर आदळायची.

ही चित्रं काढायचे आलेवार. मूळचे सिरोंच्याचे, घरात तेलुगू बोलणारे. त्यांच्या चित्रांची एक गंमत होती. गोष्ट कुठंही घडो, झाडं सागवानाचीच. लोहपंख बर्फात गेला, तिथं सागवान. परग्रहावर गेला, तिथं हिरवं आकाश, दोन चंद्र आणि खाली रांगेनं सागवान. पानं मोठी, किडीनं चाळणी झालेली, अगदी आलापल्लीच्या रस्त्यावर दिसतात तशी. आणि हात! आलेवारांसारखे हात कुणी काढले नाहीत. दोर धरलेला हात, भाकर मोडणारा हात, बुडणाऱ्याचा पाण्याबाहेर राहिलेला हात. चेहरा झाकला तरी माणूस घाबरलाय की रागावलाय ते त्याच्या बोटांवरून कळायचं. स्वतःची सही ते चित्रातच कुठंतरी लपवायचे. दगडावर, वाघाच्या शेपटीत, एकदा तर खलनायकाच्या सोन्याच्या दातावर. नाव साधंच लिहायचे, पण शेवटच्या अक्षरातून एक रेघ निघून वर जायची आणि तिचा पंख व्हायचा.

दर रविवारी सकाळी आम्ही तिघं बोरकुटेंकडे जमतो. बोरकुटे, मी, आणि निवृत्त चित्रकला शिक्षक दुर्गे सर. सर भिंग घेऊन येतात. पुस्तक हातात घ्यायच्या आधी बोरकुटे सही घेतात. अमुक अंक, इतके वाजता उघडला, तिसऱ्या पानाला जुनी घडी आहे, ती मी पाडलेली नाही. एकदा मी कंटाळून टॅगवर भलत्याचंच नाव लिहिलं. त्यांनी मला महिनाभर पुस्तक दिलं नाही, नुसता चहा दिला.

प्रत्येक अंकाच्या तीन प्रती त्यांनी रद्दीवाल्यांकडे फिरून फिरून जमवल्या आहेत. लग्न मात्र जमलं नाही. वरोऱ्याकडे एकदा मुलगी बघायला गेले होते. तिला पहिलाच प्रश्न विचारला, "लोहपंखाचा डावा पंख काऊन तुटला?" मुलगी बिचारी वडिलांकडे बघायला लागली. वडील म्हणाले, "पोहे खा जी." बोरकुटे पोहे खाऊन परत आले आणि पुन्हा कुठं गेले नाहीत.

पण या कपाटात सगळ्यात वर, एकटी, एक पिशवी होती. पहिला अंक. त्याची एकच प्रत मिळाली होती आणि ती थेट रेफरीत गेली होती. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा लोहपंखभक्त पहिला अंक उघडून बघत नव्हता. कारण त्यावर आलेवारांची सही होती.

ती हकीकत मी निदान दोनशे वेळा ऐकली असेल. बोरकुटे अकरा वर्षांचे, माजरीच्या खाण वसाहतीत राहायचे. चंद्रपूरच्या बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर आलेवार येणार, सह्या देणार, अशी पाटी लागली. नेमकी तेव्हाच बोरकुटेंना कावीळ झाली. पोरगं रडून रडून आणखी पिवळं झालं. तेव्हा त्यांची मोठी बहीण, कुंदाताई, सोळा वर्षांची, एकटी बसनं चंद्रपूरला गेली आणि सही घेऊन आली.

"अन् नुसती सही नाई," बोरकुटे बोट वर करून म्हणायचे. "तिनं सांगतलं त्याईले, भाऊ बिमार हाय म्हून. त आलेवारांनी मान वर केली. म्हणे, भाऊ बरा झाला का? येवढा मोठा मानूस! मले विचारलं त्यानं. बरा झाला का!"

कोणताही विषय काढा, गाडी इथंच येऊन थांबायची. साहेबांनी तब्येत विचारली तर बोरकुटे म्हणायचे, "तुमी तर आता विचारून राह्यले. मले आलेवारांनी विचारलं होतं." लॅबमध्ये पोरं त्यांना बघून "भाऊ, बरा झाला का?" असं एकमेकांना म्हणायची. मीही म्हणायचो. हसायचोही.

दुर्गे सरांकडे आलेवारांच्या दोन सह्या आहेत, नागपूरच्या एका प्रदर्शनात स्वतः रांगेत उभं राहून घेतलेल्या. त्यामुळे बोरकुटेंची न दिसणारी सही त्यांना खुपायची. गेल्या हिवाळ्यात त्यांना कुठूनसा आलेवारांच्या मुलीचा फोन नंबर मिळाला. आलेवार ऐंशीच्या पुढचे, तिच्याकडे सिरोंच्याला असतात, हात थरथरतो, पण माणसं ओळखतात. बोलता बोलता सरांनी विचारून घेतलं. मुलगी म्हणाली, बाबा चंद्रपूरला सह्या द्यायला कधी गेल्याचं मला तरी माहीत नाही.

पुढच्या रविवारी सरांनी हे भिंग पुसत पुसत सांगितलं. बोरकुटेंनी हातातला अंक पिशवीत सरकवला. आणि मग मी, ज्याला या भांडणात काही मिळणार नव्हतं, नुसती गंमत बघायची होती, म्हणालो, "मग वाद झाला की. वाद झाला तर रेफरी फुटतो. नियम तुमचाच."

तेव्हा मला ते फार चतुर वाटलं होतं. आज आठवलं तरी मान खाली जाते.

बोरकुटे दोन रविवार आजारी असल्याचं सांगून दार उघडेनात. लॅबमध्ये भेटले की कोळशाचंच बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चेहरा राखेसारखा. तसे आम्ही सगळेच राखेच्या रंगाचे आहोत, इथं सकाळी पुसलेली गाडी दुपारी पांढरी होते, पण हा रंग वेगळा होता.

"फोडतो," म्हणाले. "पन इथी नाई. दोन्ही पार्ट्या हजर पाह्यजे. सिरोंच्याले चला."

सरांच्या गाडीनं निघालो. पिशवी बोरकुटेंच्या मांडीवर. बल्लारपूर गेलं, आष्टी गेलं, आलापल्लीनंतर रस्ता असा की बोलायला तोंड उघडलं तर जीभ चावली जावी. दोन्ही बाजूंना सागवान, पानं झडलेली, सांगाडे नुसते. सर उगाच उत्साहात होते. "बघा, आलेवारांचं जंगल!"

एका फाट्यावर बोरकुटेंनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले नाहीत. खिडकीतून आत जाणाऱ्या कच्च्या वाटेकडे बघत राहिले.

"इथून आत माह्या ताईचं सासर," म्हणाले.

"मग जाऊन येऊ की," मी म्हणालो. "बहिणीला न भेटता जाता काय?"

"नाई जी. कोनी नाई तिथी आता." वाटेवरची नजर न काढता म्हणाले, "लग्न झाल्यावर दीड वर्षानं गेली. मलेरिया डोक्यात गेला. आमाले खबर आली तवा सगळं होऊन गेलं होतं."

पंचवीस वर्षं मी या माणसाशेजारी बसून डबा खाल्ला आहे. कुंदाताईची गोष्ट दोनशे वेळा ऐकली. ती आता कुठं असते, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सिरोंच्याला आलेवारांचं घर गोदावरीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. मुलीनं, पद्माताईंनी, ओसरीत खुर्च्या मांडल्या. आलेवार आधीच बसले होते. लहानखुरा माणूस, अंगात स्वेटर, मांडीवर उजवा हात आणि त्याच्यावर डावा हात दाबून धरलेला. दाबूनही तो हलत होता. ज्यांनी आम्हाला हात बघायला शिकवले, त्यांचे हात आम्हाला बघवेनात.

दुर्गे सर पायाच पडले. मग भक्तांनी जे करायचं ते आम्ही सुरू केलं. सर म्हणाले, "तुमचं सागवान म्हणजे या मातीची सही आहे."

आलेवारांनी ऐकून घेतलं. "मले दुसरं झाड येतच नोतं," म्हणाले.

मी म्हणालो, "आणि डावा पंख! नायकालाच अधू करायचं, केवढं धाडस!"

"दोन पंख काढाले लय टाइम लागे जी. महिन्याले एक पुस्तक द्या लागे. एक कमी केला."

सरांनी सह्या घ्यायला आणलेली चार पुस्तकं पिशवीतून काढली. पद्माताई हळूच म्हणाल्या, सही आता होत नाही, बँकेतही अंगठाच चालतो. सरांनी पुस्तकं परत आत ठेवली. आम्हाला तिथं बसायचं अवघड झालं. उठलो असतो तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं, कारण बोरकुटे आता पिशवीचं सील तपासत होते.

"दोन्ही पार्ट्या हजर," ते म्हणाले. घड्याळ बघितलं. खिशातल्या ब्लेडनं सील कापलं, पुस्तक काढलं, पहिलं पान उघडून आलेवारांच्या मांडीवर ठेवलं. पिवळं पडलेलं पान, त्यावर लोहपंख, दोन्ही पंख शाबूत. कोपऱ्यात निळ्या शाईची सही, शेवटच्या अक्षरातून निघालेला पंख.

आलेवार बराच वेळ बघत होते. पुस्तक त्यांच्या हाताबरोबर हलत होतं.

"ही माही सही नाई," म्हणाले.

दुर्गे सरांनी माझ्याकडे बघितलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो.

"मालूम हाय जी," बोरकुटे म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ती गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. कुंदाताई गेल्यावर सासरहून तिची पेटी परत आली. त्यात दोन लुगडी, आरसा, आणि शाळेची एक वही. वहीत पानंच्या पानं आलेवारांची सही. पहिल्या पानावर वाकडीतिकडी, मग बरी, मग हुबेहूब. शेवटच्या पानावर एकच. त्याखाली तिनं लिहून ठेवलं होतं, त्या दिवशी ती बसस्टँडवर सकाळपासून दिवस मावळेस्तोवर बसली होती. कोणी आलंच नाही. घरी कावीळ झालेला भाऊ वाट बघत होता. ती सांगत आली की गर्दी लई होती, पुस्तक तिथंच राहिलं, दोन दिवसांनी आणते, आणि त्या दोन दिवसांत तिनं वही भरली.

"तवापासून पुस्तक उघडलं नाई, लॅबमंदी लागलो तवा पिशवीत बंद केलं," बोरकुटे म्हणाले. "म्हटलं, ताईची सही कोनी तपासाले नोको. ती असती त तिले म्हटलं असतं मी, की ताई, मले मालूम झालं, अन् मले चालते. सांगाचंच राह्यलं."

आत कुकरची शिट्टी झाली आणि पद्माताई उठल्याही नाहीत.

"पाटी लागली होती," आलेवार म्हणाले. "मी नागपुरातच होतो. बिमार नोतो. काई नोतो. म्हटलं, चंद्रपूरच्या बसस्टँडवर मले पाहाले कोन येते." त्यांनी पुस्तक तोंडाजवळ नेलं. "पंख मी घाईत ओढत होतो. हा तिनं बसून काढला. माह्यापेक्षा बरा हाय."

बोरकुटेंनी पिशवीचा जुना टॅग पुढं केला. त्यावर त्यांच्या तरुणपणीच्या अक्षरात दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीपुढं लिहिलं होतं, कुंदा. दुसरी रिकामी.

"एका पार्टीचं झालं हाय," ते म्हणाले. "तुमची बाकी हाय जी. तिनं तुमच्या नावानं केली, तुमाले चालते, येवढंच. वाद मिटते मंग."

खिशातून शाईचं पॅड निघालं. ते पॅड बघून मी आयुष्यभर हसलो होतो. बोरकुटेंनी आलेवारांचा थरथरता अंगठा दोन्ही हातांत धरला, हमालांचा धरतात तसा, घट्ट आणि न दुखवता. पॅडवर टेकवला, मग रिकाम्या ओळीवर. अंगठा थोडा फाटून उमटला. बोरकुटेंनी तो रुमालानं पुसला, एकेक रेघ पुसली, आणि तरी हात सोडेनात.

साक्षीदार म्हणून माझी सही घेतली, सरांचीही घेतली. सरांनी मुकाट्यानं केली आणि चष्मा काढून पुसत बसले. पुस्तक नव्या पिशवीत गेलं, जुना टॅग आत गेला. आता जायला हवं होतं.

आलेवार बोरकुटेंकडे बघत होते. "तिनं मी काई बोललो म्हून सांगतलं होतं का?" त्यांनी विचारलं.

बोरकुटेंनी ते वाक्य जन्मभर बोट वर करून सांगितलं होतं. आज त्यांना ते धड सांगता येईना. मान खाली घालून, दोनदा अडखळून म्हणाले, "तुमी म्हटलं म्हने... भाऊ बरा झाला का म्हून."

आलेवारांनी मान हलवली. मग खुर्चीत जरा सरळ झाले, तोच हात बोरकुटेंच्या खांद्यावर ठेवला. तो खांद्यावरही हलत होता.

"भाऊ," म्हणाले, "बरा झाला का?"

पन्नाशीतले बोरकुटे ओठ घट्ट मिटून उभे होते, अकरा वर्षांच्या आजारी पोरासारखे.

"झालो जी," ते म्हणाले.